काष्टीचा शनिवार आणि आत्याचे ताट

दौंड सोडून भीमेवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे राहतो आणि अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मध्येच लिंबाच्या बागा, आणि थोड्याच वेळात काष्टी. श्रीगोंदा तालुक्यातील हे गाव दौंड–मनमाड लोहमार्गावर वसलेले आहे; परंतु आसपासच्या चार तालुक्यांत त्याची ओळख रेल्वेमुळे नाही, शनिवारच्या बाजारामुळे आहे. त्या दिवशी टेम्पोतून गाई-म्हशी, शेळ्या-बोकड उतरत असतात, आणि दुसरीकडे भाजीपाल्याची पालं पडलेली असतात. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी मी तेथे गेले, ते माझ्या आत्याबरोबर बाजार करण्यासाठी. वाचकहो, त्या बाजाराची हकिगत आपल्याला सांगण्यामागे एक कारण आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती आधी सांगते.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, वजन बावन्न किलो, मधुमेहाला पंधरा वर्षे झालेली. काष्टीत ती एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, ब्रिटनमध्ये लेस्टरला असतो. पंचेचाळिशीत त्याचे वजन आणि रक्तातील साखर दोन्ही वाढू लागली, तेव्हा त्याने तिकडे ‘प्रायमल डाएट’ सुरू केला. आपण त्याला आदिम आहार म्हणू. शेती सुरू होण्यापूर्वीचा माणूस जे खात असे तेच खावे, म्हणजे मांस, मासे, अंडी, पालेभाज्या, कंदमुळे, फळे, सुका मेवा. धान्य, डाळी, साखर आणि कारखान्यातले पदार्थ वर्ज्य, असा त्याचा गाभा. माझ्या भावाला त्याचा चांगला उपयोग झाला. महागड्या पाकिटांच्या नादी न लागता त्याने तिथल्या बाजारात स्वस्त काय मिळते ते शोधले. चॉप्सपेक्षा स्वस्त असलेले मेंढीचे काळीज, डबाबंद बांगडा, अंडी, कोबी, गाजर. आठ महिन्यांत त्याचे वजन उतरले. मग कोणताही प्रेमळ मुलगा करील तेच त्यानेही केले. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितले, “आई, भाकरी बंद कर, डाळ बंद कर. अंडी आणि भाजी खा.”

आत्याने ते मला दूरध्वनीवर सांगितले. मी घाईत होते, दवाखान्यात रुग्ण बसले होते. “बरं केलंत,” एवढेच मी म्हणाले. ती ग्लिमेपिराइडची गोळी घेते, हे मला ठाऊक होते, कारण ती मीच लिहून दिलेली होती. तरीही गोळीचे काय करायचे, हे मी बोलले नाही.

अकराव्या दिवशी पहाटे शेजारच्या सूनबाईंना आत्या मोरीच्या दाराशी बसलेली आढळली. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. त्या घरात साखर तपासण्याचे यंत्र होते, म्हणून निभावले. आकडा आला ४८. आत्या शुद्धीवर होती, पाणी गिळू शकत होती, तेव्हा त्यांनी तिला साखरेचे पाणी दिले आणि दवाखान्यात नेले. या गोळीचा परिणाम पुष्कळ तास टिकतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून दिवसभर तिला देखरेखीखाली ठेवावे लागले. हाड मोडले नाही, हे नशीब. तिच्या हाताला मनगटाशी निळा डाग होता. तो मी पाहिला, आणि चूक भाकरी सोडण्याची नव्हती, गोळी तशीच ठेवण्याची होती, हे तिच्यासमोर कबूल केले. आत्या म्हणाली, “ते राहू दे गं. आता मला एवढं सांग, मी खाऊ तरी काय? त्याचं ऐकू का तुझं?” त्यावर कागदावर तक्ता लिहून देण्यापेक्षा बाजारात जाऊन दाखवावे, असे मी ठरवले. तिने पाचशेची एक नोट कनवटीला लावली आणि आम्ही निघालो.

पहिली ओळ भाजीवाल्या बायकांची. भोगी जवळ आल्यामुळे वाटेच वाटे मांडलेले: गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, वांगी, बोरं, शेजारी तिळाची पुडी. त्यापलीकडे मेथी, चाकवत, आंबट चुका, तांदुळजा, शेपू, कांद्याची पात, शेवग्याचा पाला. आतेभावाने लेस्टरमध्ये कोबी-गाजरावर जे भागवले, त्याच्या दसपट विविधता इथे जमिनीवर पसरलेली होती, आणि जुडी दहा-पंधरा रुपयांना. हा आदिम आहारातील सर्वात निर्विवाद भाग आहे. पालेभाजीत तंतू असतात, फोलेट असते, पोटॅशियम असते. आदिम आहाराला विरोध करणारा डॉक्टरही याला विरोध करणार नाही.

मात्र वृद्धांच्या घरात दोन गोष्टी पाहाव्यात. दात नसतील तर पाला बारीक चिरून, मऊ शिजवून, ताकात किंवा अंड्यात मिसळून द्यावा. नाहीतर भाजी ताटाच्या कडेला तशीच उरते. आणि घरात कोणी रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेत असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नये किंवा एकदम बंद करू नये. तिच्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे गोळीचा हिशोब बिघडतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमसाठीही डॉक्टरांना विचारावे लागते.

पुढे अंडी. “गावरान घ्यायची की पांढरी?” आत्याने विचारले. गावरान अंड्याची चव निराळी, भावही निराळा. प्रथिनांच्या दृष्टीने फरक नगण्य आहे. कोणत्याही एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. आम्ही डझनभर पांढरी घेतली. दिवसाला दोन, पूर्ण उकडून किंवा भुर्जी करून. कच्चे अंडे नको. आदिम आहाराच्याच नावाने चालणारा एक पंथ कच्चे मांस, कच्ची अंडी आणि न उकळलेले दूध घ्यायला सांगतो. तरुणांनाही तो धोकाच आहे. सत्तरीच्या माणसाला तर साल्मोनेलाचे जुलाब किंवा न उकळलेल्या दुधातून येणारा ब्रुसेलाचा ताप अंथरुणाला खिळवू शकतो. माणूस अन्न भाजू-शिजवू लागला तो शेतीच्या कितीतरी आधी. तेव्हा आदिमपणाच्या कसोटीवरही चूल आधीची आहे.

मटणाच्या दुकानाशी आत्या थबकली. किलोचा भाव ऐकून तिने माझ्याकडे पाहिले. किलोभर घ्यायचे नव्हतेच. एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाला पाऊण पावशेरही लागत नाही. पंच्याहत्तर ग्रॅम कच्च्या मटणात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. अर्धा पाव घेऊन अळणी शिजवले तर आत्याच्या दोन वेळा होतात. आपल्या भागात आजाऱ्याला आणि बाळंतिणीला अळणी रस्सा देण्याची जी रीत आहे ती चांगलीच आहे, फक्त एक दुरुस्ती करावी: रस्सा पिऊन फोड बाजूला ठेवू नये. ताकद फोडीत आहे. पायाच्या सूपाबद्दलही असेच. त्यातील चिकट जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे. स्नायू बांधायला लागणारी सगळी अमिनो आम्ले त्यात नाहीत. थंडीत पाया जरूर प्यावा, पण जेवणाऐवजी नव्हे, जेवणाबरोबर.

काळजाचे माझ्या भावाला जे कौतुक होते ते रास्त आहे. लोह, बी-१२ आणि ‘ए’ जीवनसत्त्व यांचा तो साठा आहे, आणि मऊ असल्याने कवळीवाल्यालाही चावते. पण ‘ए’ जीवनसत्त्व शरीरात साठते, म्हणून आठवड्यातून एकदा, तेही अर्धी वाटी पुरे. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधा सुजण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी काळीज आणि वजडी टाळावी.

त्याच ओळीच्या टोकाला सुकी मासळी: सुकट, बोंबील, जवळा. समुद्र दूर असलेल्या गावांना मासळी पुरवण्याची ही जुनी युक्ती. वजनाच्या मानाने प्रथिने भरपूर, पण मीठही भरपूर. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण घरात असेल तर ती त्याच्या ताटात नकोच. इतरांसाठी गरम पाण्यात भिजवून, ते पाणी दोनदा फेकून मग कालवण करावे, आणि त्यात वरून मीठ घालू नये. नदीचा ताजा मासा मिळाला तर तो अधिक चांगला. वृद्धांना वाढताना मात्र काटे घरच्यांनी आपल्या बोटांनी काढून द्यावेत.

एवढे घेऊन झाल्यावर आम्ही धान्याच्या आणि कडधान्याच्या पालांपाशी आलो. ज्वारी, बाजरी, हुलगे, मटकी, भुईमुगाच्या शेंगा. आत्याने पिशवी मागे घेतली. “हे तर बंद ना?” तिने विचारले. खरा प्रश्न इथे होता.

आदिम आहाराची कल्पना तशी जुनी नाही. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कोनर या अमेरिकी अभ्यासकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात अश्मयुगीन माणसाच्या पोषणावर लेख लिहिला, आणि त्यानंतर २००२ मध्ये लोरेन कॉर्डेन यांच्या, तर २००९ मध्ये मार्क सिसन यांच्या पुस्तकाने तो विचार घरोघर नेला. या पुस्तकांतही एकवाक्यता नाही. कॉर्डेन दूध वर्ज्य मानतात. सिसन सायीचे दूध-दही-लोणी चालवून घेतात. शेंगदाण्याला दोघेही शेंगवर्गीय म्हणून दूर ठेवतात. म्हणजे ‘पूर्वज काय खात’ याचे उत्तर कोणते पूर्वज आणि कोणत्या मुलखातले, यावर अवलंबून आहे.

आपल्या मुलखातील पूर्वजांची हकिगत सुदैवाने आपल्याला बरीच ठाऊक आहे. काष्टीच्या परिसराला भीमा आणि घोड या दोन नद्यांनी पोसले आहे. त्या घोड नदीच्या काठावर, वरच्या अंगाला शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवीसनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे राहणारी माणसे गाई-शेळ्या पाळत, हरणांची शिकार करत, मासे खात, आणि त्याच चुलीवर जव आणि मसूरही शिजवत. ती माणसे शेतकरीच होती, अश्मयुगातील नव्हती, हे खरे. पण म्हणूनच त्यांचे ताट आपल्याला जवळचे आहे: मांसही होते, मासेही होते आणि धान्यही होते. त्या ताटात नव्हता तो मैदा, नव्हते बिस्कीट, आणि नव्हती चहातली दोन चमचे साखर.

मी आत्याला म्हणाले, “भाकरी बंद नाही. भाकरीचा वाटा कमी. आणि पिशवीत जे येत नव्हतं, ते आता येईल.” तिच्या आधीच्या ताटात दोन वेळच्या मिळून पाच भाकऱ्या, पातळ आमटी आणि चमचाभर भाजी असे, सकाळ-संध्याकाळ गोड चहा, सोबत खारी किंवा टोस्ट. प्रथिने जेमतेम. भावाने सांगितलेल्या ताटात प्रथिने होती, पण भाकरी शून्य होती, आणि गोळी पूर्ण. दोन्ही ताटे तिच्या वयाला न मानवणारी.

पासष्टीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणे, पिशवी जड वाटणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. ‘आता वय झालं’ म्हणून आपण ती सोडून देतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांच्या आहारावर विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींसाठी १ ते १.२ ग्रॅम असा आकडा सुचवला. आत्याच्या बावन्न किलोला म्हणजे दिवसाला बावन्न ते बासष्ट ग्रॅम. घरी ओट्यावर पिशवी रिकामी करून आम्ही तो हिशोब मांडला.

दोन अंडी, बारा ग्रॅम. दिवसभरात दूध, दही किंवा घट्ट ताक मिळून तीनशे मिलिलिटर दुधाइतके, साधारण दहा ग्रॅम. मूठभर भाजलेले शेंगदाणे, दात नसल्याने कूट करून, सात ग्रॅम. मोड आलेली मटकी किंवा हुलग्याचे माडगे, कोरडे धान्य चाळीस ग्रॅम धरून, आठ-नऊ ग्रॅम. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, एक दुपारी आणि एक रात्री, दहा ग्रॅम. दोन वाट्या भाजीतून तीन-चार ग्रॅम. बेरीज पन्नाशीच्या पुढे गेली. ज्या दोन-तीन दिवशी मटण, कोंबडी किंवा मासा असेल त्या दिवशी मटकीला सुट्टी, आणि बेरीज साठीच्या जवळ. खारी, टोस्ट बंद. चहा बिनसाखरेचा, तोही जमेल तसा हळूहळू. पाचशेच्या नोटेतून काही रुपये परतही आले होते. त्यांची तिने बोरं घेतली होती.

शेजारच्या घरातील आजी माळकरी आहेत. त्या दारात उभ्या राहून सगळे ऐकत होत्या. “आमच्यासाठी काय?” त्यांनी विचारले. त्यांच्यासाठी अंडी-मटणाच्या जागी दूध-दही वाढवायचे, कडधान्य दोन्ही वेळा घ्यायचे, कूट आणि तीळ भाजीत सढळ घालायचे. बी-१२ या जीवनसत्त्वाची मात्र शाकाहारी वृद्धांनी एकदा तपासणी करून घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी तर अवश्य, कारण त्या गोळीनेही बी-१२ कमी होते. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा यांमागे पुष्कळदा तेच असते.

वाचकहो, आपल्याही घरी परगावच्या किंवा परदेशीच्या मुलाचा असा प्रेमळ फोन येईल. त्यावर चिडू नका, पण त्याच दिवशी ताट बदलू नका. आधी औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा: भाकरी-भात कमी केला तर यातील कोणती गोळी कमी करायची? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्शुलिन चालू असताना पिष्टमय अन्न घटवले तर साखर धोकादायक पातळीला उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी गोळी असेल आणि धान्य जवळजवळ बंद केले तर रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर धोका असतो, आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही तो उद्भवू शकतो; मळमळ, उलटी, धाप ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने किती घ्यायची, हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. आत्याचा हिशोब त्या रुग्णाला लागू नाही.

सांभाळ करणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्या. यंत्र घरात नसेल तर त्याची वाट पाहू नका, साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्या. आणि या गोळ्या घेणाऱ्यांना सावरल्यानंतरही डॉक्टरांना दाखवाच.

आत्याची ग्लिमेपिराइड मी बंद केली आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटीची साखर शेजारच्या सूनबाई वहीत लिहून ठेवतात. भोगीच्या दिवशी तिच्या ताटात तीळ लावलेली बाजरीची एक भाकरी होती, वाडगाभर भोगीची भाजी होती आणि वर लोण्याचा गोळा. त्या ताटाचे छायाचित्र तिने मुलाला लेस्टरला पाठवले. त्याने भाकरीकडे बोट दाखवून विचारले, “ही कशी काय?” आत्या म्हणाली, “तू तुझ्या बाजारातलं शोधलंस ना? मग मी माझ्या बाजारातलं शोधलं.”

पुढच्या शनिवारी ती बाजाराला एकटीच गेली. सूनबाईंना जाण्याची वेळ सांगून, आणि कनवटीला साखरेची पुडी बांधून.